अकरा पानांचं दीड पान

सुरतेत मोठ्या कचेऱ्यांच्या भिंतीला लागून टेबलं टाकून बसणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. वर ताडपत्री, समोर पूर्वी टाइपरायटर आणि आता कॉम्प्युटर, बाजूला गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. त्यातल्या एका टेबलामागे मी अडतीस वर्षं बसलो. लोक आम्हाला अर्जीवाले म्हणतात. काम सांगायला सोपं आहे. माणूस येतो, अर्धा तास बोलतो, मध्येच रडतो, कुणाला तरी शिव्या देतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, आणि आम्ही त्या सगळ्याचं एक पान करतो.

वडील चाळीसगावकडून सुरतेच्या उधन्याला मिलमध्ये आले. मी मात्र मिलच्या आवाजाला भ्यालो आणि टायपिंगच्या क्लासला गेलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे गुजराती गृहस्थ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बैसाणे, साहेब पहिलं वाक्य वाचतो आणि खालची सही बघतो. मधलं जितकं कमी, तितकं काम लवकर." हे मी पाठ केलं. एका पानात बसवायचं, भाषा नम्र ठेवायची, मागणी एकच करायची आणि रडारड गाळायची. माझा अर्ज कचेरीतून परत येत नाही, अशी माझी ख्याती होती. ती मी मिरवलीही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कतारगामचा एक हिरे घासणारा कारागीर आला, म्हणाला, "स्टँप पेपरवर लिहा, मी माझ्या सख्ख्या भावाशी आजपासून बोलणार नाही." मी समजावलं की असल्या कागदाला कोर्टात काही किंमत नसते. त्याला कोर्टाची किंमत नकोच होती, भावाला दाखवायला कागद हवा होता. दोन वर्षांनी तोच माणूस भावाला स्कूटरच्या मागे बसवून आला आणि म्हणाला, "आता हा रद्द करायचा कागद लिहा." उधन्याच्या एका विधवेच्या नवऱ्याचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं होतं. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र मी केलं, तेव्हा ती बाई म्हणाली, "जिता व्हता तवय एकच नाव व्हतं ना भाऊ." अशा गोष्टी मी घरी जाऊन बायकोला, सुमनला सांगायचो आणि आम्ही हसायचो. पण या अंकासाठी लिहायला बसलो, तर हातून पुन्हा पुन्हा एकाच माणसाचं नाव उतरतंय. त्याचंच सांगतो.

त्याचं नाव नादिर. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातला. वय चाळिशीच्या आसपास, ताठ चाल, आणि आवाज असा की रस्त्यावरच्या हॉर्नमधूनही ऐकू यावा. शिष्यवृत्तीवर इथल्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला आला होता. हिंदी त्याला बरीचशी सिनेमांमुळे येत होती. त्यामुळे तो साध्या गोष्टीही जरा भारदस्त बोलायचा. मी इथे त्याचं बोलणं मराठीतच देतो. जिथे त्याचाच शब्द हवा, तिथे तसा ठेवतो. मला तो पहिल्या दिवसापासून 'मुन्शीजी' म्हणायचा. त्यांच्याकडे लिहून देणाऱ्या माणसाला हाच शब्द आहे म्हणे.

तो इथे आला आणि काही महिन्यांतच त्याच्या देशातली राजवट बदलली. जे बंदूकवाले वीस वर्षं डोंगरात होते, ते कचेऱ्यांत येऊन बसले. शिष्यवृत्ती थांबली, परतीचा रस्ता बंद झाला. बायको शकीला, मुलगी नर्गिस आणि धाकटा इदरीस हेरातला. दिल्लीत निर्वासितांची नोंद करणारं एक कार्यालय आहे, तिथे आपली हकीकत लेखी द्यावी लागते. ती इंग्रजीत टाइप करून घ्यायला तो माझ्याकडे आला.

हातात अकरा पानं होती, त्याच्या लिपीत दाट लिहिलेली. मला ती वाचता येईना, म्हणून तो हिंदीत सांगू लागला. सांगू लागला म्हणजे काय, उभाच राहिला. त्याचे वडील तांब्याची भांडी घडवायचे. तो नाटकं लिहायचा आणि त्यांत कामही करायचा. शाळांच्या अंगणात, खेड्यांतल्या मळ्यांत, कुठेही सतरंजी टाकून प्रयोग करायचे. सुरुवातीला बायकांची कामं पुरुषच करायचे. मग एका नाटकात शकीला उभी राहिली. ती गणिताची मास्तरीण. आणि शेवटच्या नाटकात तेरा वर्षांची नर्गिस.

त्या नाटकात गावातली मुलं खेळता खेळता एका मुलीला एक दिवसाचा काझी, म्हणजे न्यायाधीश करतात, आणि मोठी माणसं आपली खरी भांडणं घेऊन तिच्यापुढे येतात. नर्गिस कशी बसायची ते त्याने माझ्या खुर्चीत बसून दाखवलं. हनुवटी वर, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, आणि पाय जमिनीपासून थोडे वर उचललेले, कारण तिचे पाय टेकत नव्हते. शेजारच्या टेबलांवरची गिऱ्हाइकं उठून बघायला आली. कुणीतरी टाळी वाजवली. मला संकोच वाटला. माझ्या टेबलापाशी असलं कधी झालं नव्हतं.

प्रयोगानंतर तीन दिवसांनी त्यांच्या दारात चिठ्ठी पडली होती. ज्याने पोरीला काझीच्या आसनावर बसवलं त्याला आणि त्या पोरीला आम्ही विसरणार नाही, असा मजकूर. नादिर शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडला त्याचं अर्धं कारण ती चिठ्ठी होती. दोन वर्षांत सगळं निवेल असं त्याला वाटलं होतं.

त्याचं सांगणं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात दीड पान ठेवलं.

त्याने ते इंग्रजी अडखळत वाचलं. मग विचारलं, "मुन्शीजी, इसमें नाटक कहाँ है?"

मी म्हणालो, "नादिरभाई, मी इतकी वर्षं साहेब लोक पाहतोय. नाटकवाला म्हटलं की साहेब हसतो. तुम्ही शाळेतही शिकवत होता ना?"

"दोन वर्षं."

"मग शिक्षक लिहिलंय. बायको शिक्षिका, शिकलेलं कुटुंब, म्हणून जिवाला धोका. सरळ आणि स्वच्छ. काझी, खुर्ची, चिठ्ठी, हे सगळं वाचून साहेबाला वाटेल, रचलेली गोष्ट आहे."

त्याने कागद टेबलावर ठेवला. म्हणाला, "गोष्टी तर मी रचतोच. ही एकच रचलेली नाही." मग त्याने सही केली. माझ्या अनुभवावर त्याने विश्वास ठेवला. दुसरा माणूस होताच कोण त्याला इथे?

आणि काम झालं. तीन-चार महिन्यांत दिल्लीहून त्याला निर्वासित म्हणून नोंदीचं कार्ड मिळालं. तो पेढे घेऊन आला. मी शेजारच्या टेबलवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बघितलं? दीड पान!"

पुढचं वर्ष-दीड वर्ष तो सुरतेतच राहिला. पर्वत पाटियाजवळ एका साड्यांच्या गोदामात त्याला काम मिळालं, घड्या घालायचं आणि पॅकिंगचं. खोली उधन्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा. सुमनच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा त्याला झेपायचा नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी मागून घ्यायचा. जेवताना फोन वाजला की उठून अंगणात जायचा. शकीला मुलांना घेऊन आधी एका मैत्रिणीकडे आणि मग गावी वडिलांच्या घरी राहायला गेली होती. तिची नोकरी गेली होती. नर्गिसची शाळा बंद होती. फोनवर तो नर्गिसकडून जुन्या नाटकांतली वाक्यं म्हणवून घ्यायचा. भाषा मला कळत नव्हती, पण ती चुकली की तो हसायचा, एवढं कळायचं.

साडीच्या घडीत ताठपणासाठी पुठ्ठा घालतात. फाटलेले, वाकलेले पुठ्ठे गोदामात फेकून देतात. नादिर ते घरी आणायचा आणि त्यांच्यावर लिहायचा. एका रविवारी त्याने पुठ्ठ्यांची चळत आमच्या ओट्यावर ठेवली. नवं नाटक होतं, एकट्याने करायचं, हिंदीत. हेरातमधला एक भट्टीवाला, नान भाजणारा, आणि त्याच्या खिडकीसमोरची रांग. रांगेतली माणसं येतात, एकेक वाक्य बोलतात आणि नान घेऊन जातात. रोज येणारी एक मुलगी येईनाशी होते. भट्टीवाला तिचा नान फडक्यात गुंडाळून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो शिळा होतो, मग नवा भाजून ठेवतो.

तो वाचत गेला आणि मी ते टाइप केलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा टाइप केला. एक शब्द कापला नाही.

आमच्या वस्तीच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी प्रयोग ठेवला. लूमवर काम करणारी माणसं, त्यांच्या बायका, मागे उभी तरुण पोरं, सगळी मोबाइल बघत. नाटक बघायचं म्हणजे गणपतीत बघायचं, एवढीच बहुतेकांना सवय. नादिरने पांढरा सदरा घातला, कमरेला सुमनचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि हॉलच्या खिडकीत उभा राहिला. भट्टी नव्हती, नान नव्हता, काही नव्हतं. पण तो वाकून हात आत घालायचा तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं आपोआप मागे सरकायची, धग लागल्यासारखी. हळूहळू मोबाइल खाली गेले.

शेवटाकडे भट्टीवाला फडक्यातला नान घेऊन उभा आहे आणि काही बोलत नाही, अशी जागा होती. तेव्हा पुढे बसलेली एक म्हातारी, जिचा मुलगा लूमवर आहे, न राहवून मोठ्याने म्हणाली, "मंग घर पोचाडी दे ना रे भाऊ!"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. नादिर तसाच उभा. मग त्याने मान हलवली, खिडकीतून उडी मारून बाहेर आला आणि नान छातीशी धरून प्रेक्षकांमधून चालत दाराबाहेर निघून गेला. नाटकात तसं लिहिलेलं नव्हतं. मी टाइप केलेलं, मला माहीत होतं. नंतर त्याने विचारलं, "त्या अम्मा काय म्हणाल्या?" मी सांगितलं, मग घरी पोचवून दे ना. तो म्हणाला, "इतकं सोपं वाक्य मला सुचलं नाही." आणि पुठ्ठ्यावर शेवट बदलून लिहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी एक पत्र घेऊन आला. एका परदेशी वकिलातीकडे त्याने कुटुंबासह तिकडे वसायला परवानगी मागितली होती. हा अर्ज दिल्लीतल्या एका वकीलबाईंनी विनामोबदला करून दिला होता. मुलाखतीत त्याने सगळं सांगितलं होतं, नाटक, नर्गिस, काझीची खुर्ची, चिठ्ठी. आणि आता नकार आला होता. मी पत्र वाचलं. इंग्रजी अगदी सभ्य होतं. अर्जदाराने आपल्या पहिल्या निवेदनात नाटकाचा, मुलीचा किंवा धमकीचा कोणताही उल्लेख केलेला नाही. त्यामुळे हा भाग नंतर जोडलेला वाटतो आणि त्यावर विश्वास ठेवता येत नाही. प्रकरण बंद करण्यात येत आहे.

मी पत्र दोनदा वाचलं. साहेबाला रचलेली गोष्ट वाटेल म्हणून जे मी कापलं होतं, ते कापल्यामुळेच साहेबाला ती रचलेली वाटली होती.

नादिरने वकीलबाईंना फोन लावला आणि मला नीट कळावं म्हणून स्पीकर सुरू केला. बाई म्हणाल्या, "प्रकरण पुन्हा उघडता येईल. पण पहिल्या निवेदनात हे का नाही, याचा पुरावा हवा. ते कुणी लिहिलं होतं?"

नादिरने माझ्याकडे पाहिलं. माझ्या टेबलावर कचेरीकडून मिळालेली बसायची परवानगी फ्रेममध्ये लावलेली होती. दर वर्षी ती नवी करून घ्यावी लागते. गिऱ्हाइकाचं निवेदन आपल्या मनाने बदललं, असं अर्जीवाल्याविरुद्ध लेखी गेलं की ती रद्द होते. हे त्याला मीच कधीतरी सांगितलं होतं.

तो फोनमध्ये म्हणाला, "मैंने ख़ुद लिखा था."

मी समोर बसलो होतो. मी काही बोललो नाही.

बाई म्हणाल्या, "मग अवघड आहे."

तो फोन खिशात घालून उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. त्यानंतर तीन आठवडे मी रोज टेबलावर बसलो, लोकांचे अर्ज लिहिले. मनाशी हिशेब चालायचा. अजून एक वर्ष काढलं की मी आपणहून उठणारच होतो. मुलाचं लग्न व्हायचं होतं. आणि माझ्या एका कागदाने परदेशी साहेबाचं मत कशाला बदलेल? धंद्यातला अनुभव माणसाला सबबी फार छान लिहून देतो. रविवारी नादिर आला नाही. पुढच्याही रविवारी नाही.

तिसऱ्या रविवारी सुमनने त्याचं ताट वाढलं आणि झाकून ठेवलं. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "काय व्हयनं ते आते तरी सांगा." मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आमचं भांडण झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या त्या पोरले काही व्हयनं, त तिना बापले तुम्ही काय सांगशात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँप पेपर घेतला. तीन तपं लोकांच्या नावाने 'मी खाली सही करणार' असं लिहीत आलो होतो. स्वतःच्या नावाने लिहायला बसलो, तर बोटं अडकायला लागली. मी लिहिलं की श्री. नादिर यांनी मला अकरा पानांची हकीकत सांगितली होती. त्यात नाटक, त्यांची मुलगी नर्गिस आणि धमकीची चिठ्ठी हे सगळं होतं. ते मी माझ्या मनाने, त्यांची इच्छा नसताना गाळलं. प्रतिज्ञापत्र तीन पानांचं झालं. मी काही कमी केलं नाही.

ज्या नोटरीकडे मी इतकी वर्षं गिऱ्हाइकं पाठवली, त्यांनी वाचून चष्मा काढला. "बैसाणेभाई, आ शुं लख्युं छे? हे काय लिहिलंत, स्वतःच्या हाताने?" मी म्हणालो, "साहेब, शिक्का मारा." त्यांनी मारला, पण माझ्याकडे न बघता.

त्याच दिवशी कागद दिल्लीला रवाना केला आणि नादिरच्या गोदामावर गेलो. साड्यांच्या गठ्ठ्यांमधून तो बाहेर आला. मी त्याला प्रत दाखवली. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिथेच एका गठ्ठ्यावर बसला. मला वाटलं, आनंद झाला असेल. तो म्हणाला, "मुन्शीजी, शुक्रवारी नर्गिसचं लग्न झालं."

त्या दिवशी त्याने ती गोष्ट सांगितली. गावात बंदूकवाल्यांपैकी एकाने नर्गिसबद्दल चौकशी केली होती. तिच्या आजोबांना भीती वाटली. घरात सोळा वर्षांची मुलगी, बाप परदेशात. ओळखीच्या एका दुकानदाराकडून मागणी आली होती. माणूस तिशीचा, पण शांत म्हणे. आजोबांनी फोनवर नादिरला विचारलं होतं, "तुझं तिकडचं काम चालू आहे असं दाखवणारा एक कागद पाठव, मी थांबतो. नुसती पावती असली तरी चालेल." नादिरकडे कागद होता, तो प्रकरण बंद झाल्याचा. त्याने दोन आठवडे मागून घेतले. मग आणखी पाच दिवस. त्यापुढे म्हाताऱ्याला धीर धरवेना.

मी म्हणालो, "मला का नाही सांगितलंत?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्हाला दुसरा मार्गच उरला नसता. मला वाटलं, तुम्ही आपणहून..."

मी आजही स्वतःला सांगतो की त्याने सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी सही केली असती. खात्री मात्र देता येत नाही.

प्रकरण पुन्हा उघडल्याची पावती त्याच आठवड्यात आली. पाच महिन्यांनी मंजुरीही आली. निर्णयाच्या पत्रात माझ्या प्रतिज्ञापत्राचा उल्लेख होता. वकीलबाईंनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मंजुरी तिघांना होती, नादिर, शकीला आणि इदरीस. लग्न झालेली मुलगी कुटुंबात धरत नाहीत. नादिरने त्याविरुद्ध एक विनंती केली. ती मी लिहिली नाही, वकीलबाईंनीच लिहिली. तिचा उपयोग झाला नाही. शकीलाने आधी जायला नकार दिला. महिनाभर ती नाही म्हणत होती. शेवटी नर्गिसनेच तिला सांगितलं म्हणे, "इदरीसला घेऊन जा. माझ्यासाठी थांबून तू काय करणार?"

माझी परवानगी पुढच्या वर्षी नवी झाली नाही. शेजारच्या टेबलवाल्यांनी बोलणं कमी केलंच होतं. माझ्यामुळे सगळ्यांवरच संशय येईल असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. त्याचं मला फार वाटलं नाही.

नादिर दिल्लीला निघाला त्या दुपारी मी आणि सुमन सुरत स्टेशनवर गेलो. त्याच्याजवळ एकच बॅग होती. पुठ्ठे त्याने नेले नाहीत. टाइप केलेली प्रत मात्र बॅगेत वरच ठेवली होती. सुमनने दशम्या बांधून दिल्या. तो तिच्या पाया पडायला वाकला, तर ती मागे सरकली आणि रडायला लागली. मला जे बोलायचं होतं ते मी गाडी लागेपर्यंत मनात जुळवत राहिलो. गाडी लागली, माणसं चढली, तो दारात उभा राहिला, आणि मी त्याला पाण्याची बाटली जपून ठेवा, असलं काहीतरी सांगितलं.

आता तो फार लांबच्या थंड देशात आहे. एका मोठ्या गोदामात खोकी भरतो. शकीला भाषा शिकते आहे. इदरीस शाळेत जातो, आणि बापाला त्याचे उच्चार सुधारून देतो. नाटक लिहिता का, असं विचारलं तर तो म्हणाला, "इथे माझी भाषा ऐकणारं कोण आहे? आणि त्यांच्या भाषेत मी अजून फक्त 'आभारी आहे' म्हणू शकतो." नर्गिसला मुलगी झाली. महिन्यातून एकदा तिच्या नवऱ्याच्या फोनवरून ती आईबापाशी बोलते. बोलते म्हणजे ऐकते. नादिर जुन्या नाटकातलं वाक्य म्हणतो आणि थांबतो, पण ती पुढचं म्हणत नाही. हो, नाही, बरी आहे, एवढंच.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मी घरी एकटाच होतो. इकडचं तिकडचं झालं. मग स्टेशनवर राहिलेलं मी बोललो. चांगलं जुळवलेलं सगळं विसरलो आणि सरळ म्हणालो, "नादिरभाई, मला माफ करा."



मग तो म्हणाला, "मुन्शीजी, माझ्यापुरतं म्हणाल तर मी तुमच्या घरची भाकरी खाल्ली आहे. पण माफी नर्गिसने द्यायची आहे. तिच्या तोंडी मी लहानपणापासून वाक्यं लिहीत आलो. हे वाक्य मी नाही लिहू शकत."

मी बरं म्हणालो. फोन त्यानेच ठेवला.